आग कुठे पाडायची

कोलोम्नात, छप्पन्नच्या हिवाळ्यात,
माझं काम वजनं मांडायचं होतं.
नसलेल्या इंजिनाची वजनं.
तिसऱ्या टेबलावर, खिडकीला पाठ करून,
स्लाइड रूल, शिसपेन्सिल,
आणि बोटं गारठली की धरायला चहाचा पेला.

विस्सारिओन ल्वोविच नकाशावर बोट फिरवायचे:
इथून वर कोळसा नाही,
इथून वर पाणीसुद्धा आठ महिने दगड.
अणूचं इंजिन जाईल. मूठभर इंधन, वर्षभर धाव.
आणि मूठ अशी मिटायचे
की आत खरंच काही आहे असं वाटावं.

मूठभर इंधन मी पहिल्याच ओळीत लिहिलं.
मग त्याच्याभोवती शिसं,
शिशाभोवती पोलाद, पोलादाभोवती पाणी,
पाण्याला टाकी, टाकीला चौकट, चौकटीला चाकं,
आणि ड्रायव्हरला त्यापासून जितकं लांब बसवावं
तितका लांब सांगाडा, त्याचं वजन वेगळं.
नाकापेक्षा मोती जड, मी म्हटलं.
ते म्हणाले, चाकांचे आस वाढवा.
आस वाढवले, तर वळणावर घोडं अडलं.
ते म्हणाले, रूळच रुंद करू.

रात्रभर मी रुंद रुळांचा हिशेब केला:
फलाट मागे सरकले, बोगदे फुगले,
ओका नदीवरचा पूल पाडून पुन्हा बांधला,
एका गाडीला वाट द्यायला
अख्खा देश हातभर बाजूला झाला.
पहाटे बेरीज पाहून मलाच हसू आलं.

बैठकीला डेपोतून येवलाम्पी कुझ्मिच आला होता.
एकतीस वर्षं फायरमन, डावी भुवई नाही.
टोपी गुडघ्यावर ठेवून त्यानं सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाला:
रात्री गाडी शेडात आली की आम्ही जाळी उघडतो,
आग खाली खड्ड्यात पाडतो,
वर दोन बादल्या मारतो, घरी जातो.
हिची आग कुठे पाडायची?

मॉस्कोहून आलेला पोरसवदा शास्त्रज्ञ
चष्मा पुसत म्हणाला, पाडता येत नाही.
थांबवली तरी आत धग राहते.
किती दिवस?
कमी कमी होत जाते. पण दिवस नव्हे. महिने.
आणि तोवर?
तोवर पाणी फिरवत राहायचं. कुणीतरी पाहिजे जवळ.

आमच्या खेड्यात, येवलाम्पी म्हणाला,
मेलेल्यापाशी तीन रात्री बसतात.

कुणी हसलं नाही.
समोवारचा नळ ठिबकत होता,
तोही कुणी उठून बंद केला नाही.

इतिवृत्तात हे आलं नाही.
माझ्या तक्त्यात टन होते, मीटर होते, रुबल होते,
त्याच्या प्रश्नाला रकाना नव्हता.
समासात पेन्सिलीनं लिहिला मी; टाइप होताना गळला.
बर्फ वितळताना शेरा आला: वजनामुळे अव्यवहार्य.
मला बक्षीस म्हणून मनगटी घड्याळ मिळालं.
अजून चालतं. दिवसाला चार मिनिटं मागे पडतं.

आता बहिणीचा नातू, रोदिओन,
दूर दक्षिणेला अणुवीज केंद्रात रात्रपाळी करतो.
काय करतोस रे, विचारलं तर म्हणतो,
बसतो, आजी. आकडे बघत बसतो.
त्याची वीज तारांतून कुठवर जाते, त्यालाही ठाऊक नाही;
त्यातली चिमूटभर माझ्या गाडीतही येत असेल,
मंगळवारी दवाखान्याला नेते ती, साडेआठची.
म्हणजे झालीच की अणूची रेल्वे.
आग घरी राहिली, गाडी तेवढी बाहेर पडली.
विस्सारिओन ल्वोविच असते तर मूठ उघडून पाहिली असती.

गेल्या महिन्यात फोनवर विचारलं,
वापरून झालेलं ते, शेवटी कुठे पाडता?
पाण्यात ठेवतो, म्हणाला. खोल टाकीत. वर्षानुवर्षं.
मग?
पलीकडे पाळीचा भोंगा झाला.
थांब हं, म्हणाला, निघायला हवं, किती वाजले?
मी घड्याळात पाहिलं.
चार मिनिटं मिळवली. सांगितले.